मसुरीएवढा ठिपका

ब्लॉक बोटांत धरून प्रयोगशाळेतल्या ताई खिडकीशी गेल्या आणि त्यांनी तो उजेडात उलटा धरला.

मेणाचा तो चौकोन काड्यापेटीहून लहान. पाठीला प्लॅस्टिकची जाळी. जाळीच्या फटींतून आतला, कुणाच्या तरी काढलेल्या अपेंडिक्सच्या टोकाचा तुकडा दिसत होता आणि त्यावर मसुरीएवढा पिवळा ठिपका. ठिपका असायला हवा होता पुढच्या बाजूला, जिथून सूक्ष्मदर्शकाखाली बघायला पातळ काप काढतात तिथे. तो मागे होता. म्हणजे तुकडा मेणात उलटा बसला होता. आणि या प्रयोगशाळेत तुकडे मेणात बसवायचं काम गेली एकतीस वर्षं एकच माणूस करत होतं.

ताईंनी रजिस्टर ओढलं. ब्लॉक नंबर एकवीसशे सत्तेचाळीस. स्त्री, वय एकोणतीस. रिपोर्ट तीन आठवड्यांपूर्वी गेलेला: अपेंडिक्सला तीव्र सूज, बाकी काही नाही. डॉक्टर मॅडमनी काचपट्टीवर जे दिसलं तेच लिहिलं होतं. चुकीची बाजू त्यांच्या पुढ्यात ठेवली ती ताईंनी.

तसे जुने ब्लॉक ड्रॉवरमध्ये लावताना कुणी निरखून बघत नाही. ताई बघायच्या. म्हणून तर सगळे त्यांना दुर्बीणताई म्हणत. नवीन आलेल्या डॉक्टर मॅडमना पहिल्याच महिन्यात त्यांनी सुनावलं होतं, "टोक सोडायचं नाही हं मॅडम. चोर तिथेच दडून बसतो." तीनशे-चारशे अपेंडिक्समागे एखाद्यात सापडते ही गाठ, कार्सिनॉइड, सावकाश वाढणारा कर्करोगच तो, आणि बहुतेकदा अगदी टोकाला. तुकडा टिकवायच्या फॉर्मालिनमध्ये मुरली की पिवळट दिसते. मॅडमनी तेव्हा वहीत लिहून घेतलं होतं. दुर्बीणताईंना केवढं भरून आलं होतं!

आता ती दुर्बीण एका बाजूने आंधळी होत चालली होती. मोतीबिंदू असता तर काढून मोकळ्या झाल्या असत्या. हा डोळ्याच्या पडद्याचा दोष होता आणि त्याला इलाज नव्हता. उजव्या डोळ्यासमोर धुकं, आणि वस्तू किती लांब, किती जवळ, वर काय, खाली काय, याचा अंदाजच येईना. सकाळी चहा कपात ओतायचा तो बशीत गेला. नवरा वर्तमानपत्र खाली ठेवून म्हणाला, "अगं, मॅडमना सांगितलंस का?"

"सांगीन हो."

"मार्चपासून सांगतेयस."

"सांगीन म्हटलं ना! एवढं काय मागे लागलायत?"

सांगितलं की तुकडे बसवायचा चिमटा हातातून जाणार, आणि मग नोंदणीच्या खिडकीत बसून नाव, वय, पत्ता विचारायचं. ताईंना ते मरणापेक्षा वाईट वाटत होतं, हे त्यांनी नवऱ्यालाही सांगितलेलं नव्हतं.

आणि एक पळवाट होती. फार सोपी. ब्लॉक वितळवायचा, तुकडा सुलटा करायचा, नवा काप काढून काचपट्टी मॅडमच्या ट्रेमध्ये सरकवायची. 'जरा खोलवरचा काप घेतला, मॅडम, मला शंका आली.' बाईची गाठ सापडेल. वर शाबासकीही मिळेल. कुणाचंच काही बिघडणार नाही. ताई उठल्यासुद्धा. मेण वितळवायच्या यंत्राचं झाकण उघडलं, चिमटा उचलला, आणि तो यंत्राच्या कडेवर दोनदा आपटला. तिसऱ्यांदाही नेम चुकला.

त्यांनी चिमटा ठेवला आणि ब्लॉक घेऊन मॅडमच्या खोलीत गेल्या.

"मॅडम, हा उलटा बसलाय. मी बसवलाय. मला उजव्या डोळ्याने दिसत नाही."

मॅडमनी आधी ब्लॉक पाहिला. पिवळा ठिपका त्यांनाही ताबडतोब दिसला. "कधीपासून दिसत नाही?"

"मार्चपासून."

"चार महिने? ताई, चार महिने तुम्ही मला बोलला नाहीत?"

"रोज बोलणार होते हो. रोज घरून ठरवून निघायची. इथे आले की कुणीतरी दुर्बीणताई म्हणून हाक मारायचं आणि माझी जीभच उचलायची नाही."

मॅडम ब्लॉक घेऊन उठल्या. मेणाच्या यंत्राशी ताई त्यांच्या शेजारी उभ्या राहिल्या आणि चिमटा त्यांच्या हातात दिला. मॅडमचा हात या कामाला नवा. तुकडा दोनदा निसटला.

"घट्ट नका धरू. फुलाची पाकळी उचलतो तसं. हां. आता ठिपका खाली. खाली, मॅडम, साच्याच्या तळाशी, तीच कापायची बाजू. टेकवा. आता सोडा."

काप काढायच्या यंत्राचं चाक ताईंनीच फिरवलं. त्याला डोळा कमी आणि हात जास्त लागतो. मेणाची पातळ फीत पाण्यावर पसरली, ती काचपट्टीवर घेतली, मग रंग चढवायचा. त्यात तास-दीड तास गेला. ताईंना बसवेना. एकोणतीस वर्षांची ती बाई एव्हाना टाके निघून कामाला लागली असेल, अपेंडिक्सची गोष्ट हसत हसत सांगत असेल. ठिपका मसुरीएवढा दिसत होता. पण आत कुठवर गेला असेल? तीन आठवड्यांत काय काय होत असेल? एवढी वर्षं हेच काम करून ताईंना त्या क्षणी काहीएक आठवत नव्हतं.

मॅडमनी सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून काचपट्टी एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरकवली.

"कार्सिनॉइडच आहे," त्या शेवटी म्हणाल्या. "पाच मिलिमीटर. कापलेल्या कडेपासून खूप लांब. अपेंडिक्सबरोबर पूर्ण निघालीय. सर्जनना आत्ता फोन करते, रिपोर्ट बदलते. तिला सगळं सांगावं लागेल, पण बहुतेक पुढे काही करावं लागणार नाही."

ताई स्टुलावर बसल्या. डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी पुसलंही नाही.

फोन झाला. मॅडम परत आल्या आणि दारातच थांबल्या. त्या काय विचारणार हे ताईंना माहीत होतं. चिमटा खाली ठेवला तेव्हाच माहीत होतं.

"ताई, मार्चपासूनचे बाकीचे?"

"बाराशे साठ. मघाशी रजिस्टरात बघून ठेवलेत."

त्यांतली किती माणसं रिपोर्ट कपाटात ठेवून निर्धास्त झोपत असतील?

ताई उठल्या. यंत्राजवळ पडलेल्या चिमट्याच्या टोकाला मेण लागलं होतं. सवयीने त्यांनी ते पुसलं, टोकं जुळवून पाहिली आणि चिमटा मॅडमच्या ट्रेमध्ये ठेवला. मग मार्चचा ड्रॉवर ओढून खिडकीशी नेला, खुर्ची उजेडाकडे फिरवली आणि पहिला ब्लॉक उलटा करून डाव्या डोळ्याशी धरला.

"हा सुलटा आहे," त्या म्हणाल्या. "लिहून घ्या, मॅडम."