आपाला समुद्राचा तळ दाखवला

रविवारी हिंजवडीचा रस्ता मोकळा मिळतो, एवढाच काय तो या शहराचा आमच्यावर उपकार. गाडी मी चालवत होतो. मागे माझी थोरली बहीण सलीमा आणि माझी मुलगी मिसबा. सलीमाआपा मिसबाची फुफी, आणि सासूही. म्हणजे तिचा शहेजाद माझा भाचाही आणि जावईही. घरातल्या घरात सोयरीक केली की सुख दुप्पट होतं म्हणतात. दुःखाचं कुणी सांगत नाही.

शहेजाद समुद्राचा तळ तपासणाऱ्या एका जहाजावर होता. गेल्या वर्षी यंत्रांचा एक लोखंडी सांगाडा पाण्यात सोडताना दोर तुटला आणि त्यात अडकून पोरगा सांगाड्याबरोबर खाली गेला. जहाजवाल्यांनी शोधाशोध केली, मग पत्र पाठवलं. सगळ्यांनी मानलं. मौलानांनी मानलं. आपानं मानलं नाही. "मय्यत दाखवा, मग रडते," म्हणाली. घरात गेलेल्यासाठी म्हणायची साधी फातिहाही होऊ दिली नाही.

यात माझी पोर अडकली. नवरा गेला म्हटलं तर इद्दत पाळायची, शोकाचे ते महिने काढायचे आणि मग पुन्हा आयुष्याला लागायचं. आपा ते सुरूच होऊ देईना. रोज मिसबाला नटवायची. लोणी काळभोरच्या कॉलेजातली शिकवण्याची नोकरी सोडायला लावली, का तर शहेजादचा फोन आला तर घरात कुणीतरी हवं. मी भांडलो. मिसबा म्हणाली, "अब्बा, फुफी मानेल तेव्हा मी मानेन. मी आधी मानलं तर तिच्याजवळ कोण राहिलं?" सव्वीस वर्षांची पोर, ना सधवा ना विधवा, माझ्या डोळ्यांदेखत वाळत चालली होती. मला आपाचा इतका राग यायचा की तिच्या घरचा चहासुद्धा गोड लागेना.

केयूर हा शहेजादचा वाघोलीच्या कॉलेजातला दोस्त. आता हिंजवडीत नोकरीला आहे. समुद्रमोहिमांतून आलेले फोटो आणि मापं जोडून ही मंडळी कॉम्प्युटरमध्ये हुबेहूब तळ उभा करतात. डोळ्यांवर एक जाडजूड चष्मा चढवला की शास्त्रज्ञ पुण्यात बसून त्या तळावर फिरतात. यंदा जहाज तो सांगाडा शोधायला पुन्हा त्याच जागी गेलं, आणि तो सगळा डेटा नेमका केयूरच्या टेबलावर आला. कॅम्पातल्या माझ्या चष्म्याच्या दुकानात येऊन बिचाऱ्यानं मान खाली घालून सांगितलं. यंत्रांचा तो सांगाडा सापडलाय. त्याला लागून जहाजावरचे नारिंगी कपडे आहेत, कपड्यांत हाडं आहेत. "अधिकृत पत्र यायला वेळ लागेल, काका. पण तोच आहे."

मी शटर अर्धं ओढून रडलो. मग अक्कल चालवली. केयूरला म्हटलं, आपाला तळ दाखव, पण ते झाक. आईनं असलं बघू नये. तिथला काळोख, डोक्यावर चार किलोमीटर पाणी, एवढं बघूनच ती समजेल. तो म्हणाला, झाकता येतं, तेवढा थर बंद केला की नुसता गाळ दिसतो. आपाला आणि मिसबाला मी एवढंच सांगितलं, शहेजाद पडला म्हणतात ती जागा केयूर दाखवणार आहे; बाकी काही नाही. शहाणा ना मी.

ऑफिसात आम्ही चौघंच. केयूरनं आपाच्या ओढणीवरून तो चष्मा चढवला, तळावर फिरायला हातात दोन दांड्या दिल्या. तिला दिसेल ते आम्हाला भिंतीवरच्या पडद्यावर दिसत होतं. राखाडी गाळ, वरून संथ पडणारे पांढरे कण, एक पांढुरकं जनावर कूस बदलल्यासारखं सरकलं. घरात सुई पडली की बाई शोधते तशी आपा वाकून वाकून शोधत होती. मध्येच हळू आवाजात तिनं शहेजादला हाक मारली. माझ्यानं बघवेना.

बऱ्याच वेळानं तिनं चष्मा काढला. तोंड उजळलेलं.

"कानाकोपरा बघितला," ती म्हणाली. "तिथं तो नाही."

"आपा, अगं..."

"केयूर, हे यंत्र खोटं दाखवत नाही ना?"

केयूरनं माझ्याकडे पाहिलं. "नाही, काकू."

"मग? पडला असता तर दिसला असता. कुणीतरी उचललंय त्याला, एखाद्या बोटवाल्यानं. मिसबा, चल, आज शिरखुर्मा करू."

करायला गेलो एक आणि झालं भलतंच. मिसबा हसली, फुफीसाठी. ते हसू बघून मला कळलं, ही पन्नाशीची होईल तेव्हाही असंच हसेल.

"केयूर, तो थर चालू कर," मी म्हणालो.

"काका, नको."

"कर म्हणतो ना."

"कसला थर?" आपानं विचारलं. मिसबा माझ्याकडे वळली. "अब्बा, काय झाकलंय तुम्ही?"

माझी मान खाली गेली. तेवढ्यावर ती समजली. आपाच्या हातातून तिनं चष्मा घेतला. मी अडवायला गेलो तर म्हणाली, "बायको आहे मी त्याची," आणि डोळ्यांवर चढवला. केयूरनं आधी भिंतीवरचा पडदा बंद केला, मग एक बटण दाबलं.

ती दोन पावलं पुढे गेली आणि जमिनीवर बसली. समोरच्या रिकाम्या हवेवरून हात फिरवत राहिली, झोपलेल्या माणसाच्या अंगावरचं पांघरूण सारखं करावं तसा.

"काय दिसतंय गं?" आपा विचारत होती. "बोल ना, काय दिसतंय?"

मिसबानं चष्मा काढून नीट केयूरच्या हातात दिला. मग खाली बसूनच हातातल्या बांगड्या उतरवू लागली. सकाळी आपानंच घातलेल्या, हिरव्या काचेच्या. निघेनात. एक फुटली, मनगटावर रक्त आलं, तरी थांबली नाही. आपा धावली, तिचा हात धरला. "वेडी आहेस का? काढू नकोस. तो येईल."

मिसबानं शेवटची बांगडी काढून बाकीच्यांशेजारी ठेवली.

"फुफी, मी भेटले त्याला," ती म्हणाली. "चल घरी. फातिहा द्यायची आहे."

आपा तिच्याशेजारी मटकन बसली. तिचे मोकळे हात आपल्या हातात घेऊन उलटसुलट करून बघत राहिली. वर्षभर कोरडे राहिलेले आपाचे डोळे वाहायला लागले. केयूर खिडकीकडे तोंड करून उभा होता.

"डोळे मिटलेले होते का गं त्याचे?" आपानं विचारलं.

"हो, फुफी," मिसबा म्हणाली. "मिटलेले होते."