वाढवलेला माग

कामथडीत बायका मागावर बसत नसत. लोकर कातावी, ताण्याच्या, म्हणजे मागावर उभ्या ताणायच्या, सुताला चिंचोक्याची खळ द्यावी, इथपर्यंत बाईचं काम. घोंगडी विणायची ती गड्यानं. कोंडिबा सणगराच्या घरात मात्र दोन माग होते, आणि दुसऱ्या मागाच्या खड्ड्यात पाय सोडून त्याची बायको फुलाबाई बसायची. त्यांना मूल नव्हतं. "पोरांचा न्हाई तर मागाचा आवाज असू दे घरात," असं तीच म्हणाली होती. खड्डाही तिनंच खणला होता, आपल्या आखूड पायांच्या मापानं.

दिवाळीच्या तोंडावर तिला ताप आला आणि त्यातच ती गेली. मागावर घोंगडी अर्धी राहिली. कोंडिबानं त्या मागावर आपलं जुनं धोतर पांघरलं आणि तिकडं पाठ करून स्वतःच्या मागावर बसायला लागला. कुणी विचारलं तर एवढंच सांगायचा, "फुलाचा माग वाढिवला."

दिवा विझला म्हणू नये, वाढवला म्हणावं. बांगडी फुटली म्हणू नये, वाढवली म्हणावं. तसंच मागाचं. माग बंद पडला असं सणगर बोलत नाहीत. एका मागाबद्दल अभद्र बोललं की शेजारचाही रुसतो, अशी समजूत. फुलाबाई या बाबतीत फार कडक होती. सणासुदीला हात थांबवला तरी म्हणायची, "वाढवा आता, उद्या बसू."

त्याच साली भोर संस्थानच्या दरबारानं धंद्यावरची करपट्टी बदलली. आधी घराला कराचा एकच आकार असे. एका मागाचा सणगर असो की भोरच्या पेठेत चार गुमास्ते ठेवणारा दुकानदार, दोघांना सारखंच. लोकांनी सभा भरवली, अर्ज केला. त्या अर्जावर कोंडिबाचाही अंगठा होता, आणि तो उठवायला लावला होता फुलाबाईनं. "ज्याच्या हाताखाली मानसं राबत्यात त्याला त्येवढंच, आन आपल्यालाबी त्येवढंच? ह्यो कुठला न्याव?"

दरबारानं ऐकलं. नवा नियम असा झाला की एका मागाचा, एका घाण्याचा माणूस हा हातकामकरी, त्याला पट्टी नावापुरती. त्याहून जास्त असले की तो व्यापारी, आणि त्याचा आकार व्यापाऱ्याचा. नियम चांगलाच होता. फुलाबाई असती तर तिनं गूळ वाटला असता, आणि दोन मागांपायी आपणही शेठ झालो हे कळल्यावर कपाळाला हात लावून हसली असती.

पाहणीला भोरहून आनंदराव कारकून आले. तरुण, पेठेत वाढलेले, घाईत. चावडीत बसून एकेकाला बोलावत होते.

"कोंडिबा सणगर. तुझा माग किती?"

"माजा येक."

"आणखी? वाढला की कमी झाला?"

कोंडिबा म्हणाला, "फुलाचा... वाढिवला जी. दिवाळीच्या आदी."

"वाढवला. बरं. पुढचा कोण?"

होळीनंतर चावडीवर यादी वाचली गेली. कोंडिबाचं नाव व्यापाऱ्यांत निघालं. कामथडीतला तेवढा एकच व्यापारी. लोक हसले.

"काय कोंडिबाशेठ, पागोटं कवा बांधताय?"

"आरं शेठला बसायला घोंगडी टाका की!"

कोंडिबाही हसला. मग कोतवालानं आकार सांगितला आणि मुदतीत न भरल्यास माग जप्त होतील, हेही सांगितलं. तेव्हा हसणाऱ्यांतला एकजण खाली बघायला लागला. वर्षभर विणून, पोटाला चिमटा घेऊनही तेवढं निघालं नसतं. आणि माग गेला तर कोंडिबाला दुसरं काहीही येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो कापूरहोळावरून चालत भोरला गेला. कचेरीच्या ओट्यावर उन्हात बसून राहिला. आनंदराव जेवायला निघाले तेव्हा त्यांना आडवा आला.

"रावसायब, माजा येकच माग चालतो. दुसरा वाढिवलाय."

"तेच तर लिहिलंय. वाढवलास म्हणून तर दोन झाले."

"न्हाई जी. वाढिवला म्हंजी... वाढिवला."

आनंदरावांनी कपाळाचा घाम पुसला. "अरे, वाढवला की बंद केला? एक काय ते सांग."

एक शब्द बोलायचा होता. कोंडिबानं तोंड उघडलं, पण तो शब्द बाहेर येईना.

"तुमच्या घरी सांजंचा दिवा लावत्यात न्हवं? मग मातुश्री निजताना त्येचं काय करत्यात?"

आनंदराव थांबले. "वाढवतात," ते सावकाश म्हणाले. मग जरा ओशाळून म्हणाले, "मग चावडीत नाव घेतलंस ती फुला?"

"माजी बायकू. तीबी न्हाई जी आता."

"हे चावडीत का नाही सांगितलंस?"

"सांगितलं की. आमच्यात आसंच सांगत्यात."

आनंदराव माणूस वाईट नव्हते. "मी येऊन बघतो," ते म्हणाले. "माग खरंच थांबलेला दिसला तर तुझं नाव हातकामकऱ्यांत लावतो. पण डोळ्यांनी बघितल्याशिवाय नाही. साहेब माझी खरडपट्टी काढतील."

ते आले त्या दिवशी कोंडिबाच्या दारात रायबा धनगर बसला होता. त्याच्या लेकीचं लग्न वैशाखात होतं. नवरानवरी बसायची घोंगडी तो कोंडिबाकडून विणून घेत होता, आपल्याच मेंढरांच्या लोकरीची. ती कोंडिबाच्या मागावर चढलेली होती, चार बोटं वीण झाली होती.

आनंदरावांनी दुसऱ्या मागावरचं धोतर बाजूला केलं. खाली घट्ट विणीची काळी घोंगडी होती आणि पुढं ताणलेलं मोकळं सूत. आडवं सूत टाकायचा धोटा विणीवरच पडलेला होता, जसा तिनं ठेवला तसा.

"कोंडिबा, हा तर चालू माग आहे."

"कुनी बसत न्हाई त्येच्यावर."

"आज बसत नाही. उद्या गडी ठेवशील. ताणा चढलेला आहे तोवर माग चालूच धरायचा, असा हुकूम आहे."

"मंग गुंडाळून ठिवतो."

"एका गावात तसंच गुंडाळलं होतं, मी गेल्यावर पुन्हा चढवलं. ताणा तोड. माझ्यासमोर तोड, मी लगेच लिहितो."

रायबा उठून जवळ आला. "तोड, कोंडिबा. आर्दी तर हाय. वैनीच्या नावानं तेवढीच ऱ्हाऊ दे. माग गेला तर खाशील काय?"

सगळं खरं होतं. कोंडिबानं कोनाड्यातला विळा घेतला आणि फुलाबाईच्या मागापाशी उकिडवा बसला. सुतावर हात ठेवला. सूत ताठ होतं. तिनं खळ जास्त घातली होती, नेहमीसारखी. यावरून त्यांचं भांडण व्हायचं. तो म्हणायचा, सूत कडक होतं, हाताला काचतं. ती म्हणायची, तुमचा हातच ढिला.

त्यानं विळा सुताला लावला आणि तसाच राहिला.

"उरक बाबा," आनंदराव हळू आवाजात म्हणाले.

कोंडिबा उठला. वळला. आपल्या मागाशी गेला आणि रायबाच्या घोंगडीचा ताणा त्यानं या कडेपासून त्या कडेपर्यंत कापून काढला. सूत सटासट मागं गेलं.

"आरं, आरं! माजी लोकर!" रायबा ओरडला. "येडा झाला का काय!"

"ह्यो वाढिवला," कोंडिबा म्हणाला. त्यानं फुलाबाईच्या मागाकडं बोट केलं. "रावसायब, लिवा. माजा माग येकच. त्यो."

आनंदरावांनी तसं लिहून घेतलं आणि ते निघून गेले.

रायबा मात्र गेला नाही. तुटलेल्या सुताचा पुंजका हातात घेऊन उंबऱ्यावर बसला. "लोकर पुन्यांदा कातरायला मेंढरावर हाय कुठं?" तो म्हणाला. "वैशाख आलाय. पोरीला बसवू कशावर? सांग. भुईवर बसवू?"

कोंडिबाला हे आधी सुचलंच नव्हतं. कापताना त्याच्या डोळ्यांपुढं एकच माग होता. आता रायबाकडं बघितलं आणि त्याला कळलं की फुलाबाईची घोंगडी आपण वाचवली नाही.

"ही तुला दीन," तो म्हणाला. "पुरी करून दीन."

रायबानं मान खाली घातली. नको म्हणावं असं त्याच्या मनात आलं असेल. पण घरात लग्न होतं.

दुसऱ्या दिवसापासून कोंडिबा तिच्या खड्ड्यात बसला. खड्डा उथळ. गुडघे छातीशी यायचे. खोल खणता आला असता, पण खणला नाही. धोटा उचलला, टाकला, सूत दाबायला फळी ठोकली. तिची वीण संपून त्याची सुरू झाली ती रेघ कुणालाही दिसावी अशी होती. इकडं दाट, तिकडं विरळ. तो जोर लावून ठोकायचा, खांदा भरून यायचा, तरी तिच्यासारखी बसेना. आणि जेवढं विणावं तेवढं पुढचं सूत कमी होत जायचं. कधी तो मुद्दाम सावकाश विणायचा. कधी हात थांबवून नुसता बसायचा. पण पट्टीचा हप्ता नावापुरता असला तरी भरायचाच होता, खायचंही होतं, आणि चालता माग आता तेवढाच होता.

लग्नाच्या आदल्या दिवशी रायबा आला. दारातूनच विचारलं, "झाली का?"

कोंडिबा घोंगडीची घडी घालत होता. तिची बाजू आत, आपली वर.

"संपली," तो म्हणाला.

रायबा दचकला. "आसं बोलू ने, कोंडिबा. मागाम्होरं आसं बोलू ने."

"म्हाईत हाय," कोंडिबा म्हणाला आणि घडी त्याच्या हातात दिली. "संपली. ती मेली, आन ही संपली. घिऊन जा."