चौथीचा हात

"मॅडम, आज तरी मला धावू द्या ना," रिले संघातली चौथी धावणारी लंबू म्हणाली.

"थांब गं, एकदा दाखवते. बघून शीक." असं म्हणून मॅडम चौथीच्या जागेवर जाऊन उभ्या राहिल्यासुद्धा.

या कॉलेजात शिकताना रिलेची शेवटची धाव त्यांचीच असायची. न बघता हात मागे करायचा, बॅटन तळव्यात आलं की सुसाट सुटायचं. पोरं "तुफान! तुफान!" करत मैदान डोक्यावर घ्यायची. पुढे गुडघ्याने दगा दिला. यंदा त्या इथेच मुख्य प्रशिक्षक झाल्या. आईचं गल्लीभर सांगून झालं, दारावर पाटी लागली, गळ्यात शिट्टी आली. तुफान म्हणणारं मात्र कुणी उरलं नाही. म्हणून रोज 'दाखवते' म्हणत बॅटन हातात घेऊन चार पावलं पळून घ्यायची. दुधाची तहान ताकावर, दुसरं काय!

स्पर्धेच्या सकाळी, पहिल्या फेरीतच बॅटन पडलं. तिसरी धावणारी चिमणी ते उचलून देईपर्यंत बाकीच्या पुढे गेल्या होत्या. संघ कसाबसा अंतिम फेरीत पोहोचला.

"डोळे कुठे होते गं तुझे?" मॅडम कडाडल्या.

चिमणी रडायलाच लागली. "सवयीने खाली दिलं, मॅडम. तुमचा हात तिथे असतो. लंबूचा वीतभर वर असतो."

मॅडमचा चेहरा खर्रकन उतरला. ही पोर आजवर चौथीला नव्हे, आपल्यालाच बॅटन देत आली होती.

"रडू नकोस, बाळा. चूक माझी आहे," त्या म्हणाल्या. "आता दुपारभर तुम्ही दोघीच करा. मी तिकडे लांब बसते."

त्या खरोखरच लांब बसल्या. तिथे बसणं फार जड गेलं.

संध्याकाळी अंतिम फेरीच्या वेळी त्या धावपट्टीच्या दोरीबाहेर उभ्या होत्या. चिमणी वाऱ्यासारखी आली आणि ओरडली, "घे!"

बॅटन वीतभर वर गेलं, लंबूच्या तळव्यात नेमकं बसलं आणि लंबू सुटली. सगळं मैदान तिच्या नावाचा गजर करू लागलं.

दोरीपाशी उभा असलेला पहारेकरी मॅडमकडे बघत होता. "बाई, काही हवंय का?"

तेव्हा कुठे त्यांचं लक्ष गेलं. त्यांचा उजवा हात मागे गेलेला होता, तळवा उघडा.

"नाही हो," त्या म्हणाल्या आणि हात हळूच पुढे घेतला.