तिसऱ्यांदा कोणी म्हटलंच नाही

गोंडलची मोंघीबा सुनेला परत आणायला जेतपूरला निघाली, पण माफी मागायची नाही, हे घरातूनच ठरवून. आठ दिवसांपूर्वी चार पाहुण्यांदेखत तिने रसीलाच्या चहाला भांडी विसळल्याचं पाणी म्हटलं होतं. रसीला त्याच दुपारी पिशवी भरून माहेरी गेली. तेव्हापासून लेक जयसुख आईशी हूं की चूं करीना.

बसने म्हातारीची हाडं खिळखिळी केली. विहीणबाई लाभुबेनने तिला झोपाळ्यावर बसवलं. आत खलबत्ता वाजला आणि मोंघीबाचं नाक कामाला लागलं. सुंठ पडली, म्हणजे धरलेलं डोकं उतरणार. मिरी घशाला बरी. वेलची हवीच, सकाळचे गाठिये अजून छातीशी जळत होते. आणि पिंपळमूळ तर खास तिच्या गुडघ्यासाठीच कुटलेलं. सगळ्या दुखण्यांवरचं औषध आत पातेल्यात उकळत होतं.

रसीला कपबशी घेऊन आली. "बा, चहा."

"नको गं, आत्ताच घेऊन निघाले." पहिल्यांदा नको म्हणायचंच असतं, लगेच हो म्हणणारा पाहुणा काठेवाडात हावरट ठरतो.

"घ्या ना थोडा."

"खरंच नको. पित्त होतं." दुसरं नकोही रीतसर झालं. आता यजमानाने 'माझी शपथ' म्हणायचं आणि पाहुण्याने उपकार केल्यासारखा कप घ्यायचा. मोंघीबाने हात अर्धा उचललासुद्धा.

"बरं," म्हणून रसीला कप घेऊन आत गेली.

झोपाळा थांबला. साठ वर्षांत मोंघीबावर अशी पाळी आली नव्हती. लाभुबेन ओशाळून उठली, तर आतून आवाज आला, "आई, बस तू. बांना पित्त आहे."

लाभुबेन मग भुईमुगाच्या भावाबद्दल बोलत राहिली. मोंघीबाला त्यातलं अक्षर कळलं नाही. डोकं ठणकत होतं आणि वास काही हटत नव्हता. शेवटी गुडघा धरून ती उठली आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी गेली.

"रसीला, चहा दे."

"भांडी विसळल्याचं पाणी आहे, बा."

"माहीत आहे. दे."

"आणि पित्त?"

"पित्ताचं मी बघते. जीभ माझीच घसरली होती, भाजली तर भाजू दे."

रसीलाने बशीत चहा ओतून पुढे केला. मोंघीबाने फुर्रकन घोट घेतला, डोळे मिटले, आणि तोंडावर गोड बोलायची सवय नसल्यामुळे म्हणाली, "सुंठ अंमळ कमी पडली."

रसीलाने कमरेवर हात ठेवले. "आणखी?"

"आणखी काय, माझ्यापेक्षा बरा करतेस. जयसुखला सांगितलंस तर बघ."

"पिशवी भरते मी. पण घरी गेल्यावर आधी त्यांनाच सांगणार."

"सांग," मोंघीबाने बशी पुन्हा पुढे केली, "त्या निमित्ताने तरी तोंड उघडेल मेला."