गवताखालची वाळू

मित्रांनो, तीन दातांपैकी एक मोडलेल्या दाताळ्याने आपली गोष्ट सांगायला बसावे का, हे मला अजून ठरवता आलेले नाही. मधूनच काही निसटले, तर सांभाळून घ्या.

माझा जन्म कारखान्यात झाला नाही. स्पेनजवळच्या फॉर्मेंतेरा बेटावर बर्नात नावाच्या शेतकऱ्याच्या घरामागे एक झाड होते. त्याच्या एका फांदीला सारखे तीन फाटे फुटले, तेव्हा बर्नातने आजूबाजूचे कोंब खुडले आणि त्या तिघांना सहा वर्षे वाढू दिले. मग फांदी कापली, पावाच्या भट्टीत शेकली आणि मला हवा तसा बाक दिला. माझ्यात एकही खिळा नाही, याचा मला थोडा अभिमान आहे.

माझे काम समुद्राच्या गवताचे. हे गवत समुद्राच्या तळाशी वाढते. पानगळीच्या दिवसांत वादळे आली की ते तुटून किनाऱ्यावर येई आणि वाळूवर त्याचे कमरेएवढे तपकिरी ढीग लागत. डुकरांच्या अंथरुणाला तेच, घराच्या छपरावर मातीखाली घालायलाही तेच. पण बर्नातच्या रीती कडक होत्या. वसंतातला ईस्टरचा सण होईपर्यंत ढिगाला हात लावायचा नाही. नंतरही वरचे, वाळलेले तेवढेच घ्यायचे. प्रत्येक वेळी मला वाळूवर तीनदा झटकायचे आणि मगच गवत गाडीत टाकायचे. का, ते त्याने कधी सांगितले नाही. मला मात्र त्याचे फार कुतूहल वाटे. डुकरांना वाळूचे चार कण टोचले, तर असे काय बिघडणार होते?

पुढे बेटावर पाहुणे येऊ लागले. बर्नातची मुलगी पिलार हिने किनाऱ्यावर लाकडी टपरी टाकली. तिची सुक्या माशांची कोशिंबीर खायला लोक दुरून येत. डुकरे गेली, छपरे सिमेंटची झाली आणि मला शोभेसाठी टपरीच्या भिंतीवर टांगले गेले. ते दिवसही वाईट नव्हते. पाहुणे माझ्याकडे बोट दाखवून तर्क लढवत. कोणाला मी मासे मारायचे हत्यार वाटे. एका आजीबाईंना मी राक्षसाची फणी वाटले. मीही त्यांना न्याहाळी. एवढ्या लांबून येऊन ही माणसे उन्हात नुसती पडून का राहतात, हे कोडे मला अजून सुटलेले नाही.

पाहुण्यांना गवताचा वास मात्र खपेना. एक कुटुंब नाक मुरडत, न जेवताच उठून गेले. शेजारचा टपरीवाला जाउमे पिलारला म्हणाला, "अगं, उकिरड्यात बसून मासे कोण खाणार? फेब्रुवारीत ट्रॅक्टर आणू. एका दिवसात किनाऱ्याचा आरसा करून टाकू."

बर्नात तेव्हा म्हातारपणामुळे घराबाहेर पडत नसे. पिलारने त्याला विचारले नाही. ट्रॅक्टरने सगळे गवत खरवडून जुन्या दगडखाणीत नेऊन ओतले. उन्हाळ्यात किनारा खरोखरच आरशासारखा दिसला. सगळ्यांनी कौतुक केले, म्हणून पुढची दोन वर्षेही तेच केले.

आमच्याकडे हिवाळ्यात टपरी उतरवून ठेवतात. तिसऱ्या वर्षी ती पुन्हा उभारायला पिलार फळ्या घेऊन आली. फळ्यांबरोबर मीही होते. पाहते तर खांब रोवायला वाळूच नव्हती. नुसते काळे खडक! वाळू नाही तर परवाना नाही, असे कचेरीतून कळले. पिलारचे सगळे पोट त्या टपरीवर होते.

दुसऱ्या दिवशी ती वडिलांना हाताला धरून किनाऱ्यावर घेऊन आली.

"समुद्रानं सगळी गिळली, बाबा."

"समुद्राला कशाला बोल लावतेस, पोरी? त्यानं वाळूच्या अंगावर घातलेली गवताची गोधडी तुम्हीच ओढून काढलीत, तीही ऐन थंडीत. शिवाय खेपेखेपेला गाडीभर वाळू नेलीत ती वेगळीच."

"मग आधी का नाही सांगितलंत?"

म्हाताऱ्याने वाकून एका खडकावरून हात फिरवला. मग हळूच म्हणाला, "मला तरी कुठं ठाऊक होतं? आपल्यात असं करतात, एवढंच ठाऊक होतं. का करतात, ते हे खडक बघून आत्ता कळलं."

मित्रांनो, मलाही ते त्याच क्षणी कळले: हिवाळ्याच्या लाटांपासून गवत वाळूला सांभाळत होते, आणि ते तीन झटके वाळू किनाऱ्यावरच ठेवण्यासाठी होते.

पिलारने मला हाती घेतले आणि ती खाणीकडे गेली. ढिगाखाली खरोखरच वाळूचा थर होता. तो उन्हाळा टपरीविना गेला. तिने आपल्या अंगणात चार टेबले मांडून कसेबसे भागवले आणि उरलेल्या वेळात खाणीतले गवत आणि वाळू किनाऱ्यावर परत आणली. तिसऱ्या दिवशी जाउमे खाली मान घालून आला. "आरसा फुटला म्हणायचा," एवढेच बोलून त्याने फावडे उचलले. त्याच कामात माझा एक दात गेला. त्याचे दुःख मी करत नाही.

हिवाळ्यात वादळांनी नवे गवत आणले. त्याला कोणी हात लावला नाही. वसंतात पिलारने मला वाळूत रोवून पाहिले, तर माझे दात अर्धेच बुडाले. पुढच्या वर्षी पूर्ण बुडाले आणि तिला परवाना मिळाला, तोही अर्ध्याच टपरीचा. टपरी आता ढिगाच्या मागे उभी असते. तिथून समुद्र पुरता दिसत नाही. कोणी कुरकुर केली, तर पिलार शांतपणे सांगते, "साहेब, हे गवत गेलं ना, तर तुमची खुर्चीही त्याच्यामागं जाईल."

मित्रांनो, मला फारसा उपदेश करता येत नाही. पण घरातल्या वडीलधाऱ्यांची एखादी रीत वेडगळ वाटली, तर ती मोडण्याआधी त्यांना "असं का?" म्हणून जरूर विचारा. त्यांनाही उत्तर ठाऊक नसेल, तर दोघे मिळून शोधा. फक्त वाळू जागेवर आहे तोवर शोधा.