उद्घाटनाचा चेंडू

आमच्याकडं क्रिकेट स्पर्धेचा पहिला चेंडू खेळाडू खेळत नाही. तो पुढारी खेळतो. गळ्यातला हार तसाच, पांढरे कपडे, बॅट उलटी धरली तरी कुणी सांगत नाही. बॉलरनं लेकराला टाकावा तसा हळूच चेंडू टाकायचा, पुढाऱ्यानं टोलवायचा, फोटो निघायचा आणि मग स्पर्धा सुरू. चेंडू नाही लागला, तर अंपायरनं हात आडवा करायचा. नो-बॉल. लागेपर्यंत नो-बॉल. हा नियम कुठल्या पुस्तकात नाही. पण निमोण्यापासून दौंडपर्यंत कुठल्याही माळावर जा, अंपायरला तो पाठ असतो.

याच नियमानं शायनाचा खांदा खाल्ला.

शायना म्हणजे शेखलाल जीपवाल्याची पोरगी. शेखलाल शिरूर-न्हावरा वडाप करतो, जीपमध्ये माणसं कोंबून फेऱ्या मारतो. पोरगी शाळेत असतानाच गावातल्या बाप्यांच्या दांड्या उडवायला लागली, तेव्हा त्यानं तिला दौंडला क्रिकेट शिकवणाऱ्या अनिता मॅडमकडं नेऊन घातलं. वर्षानुवर्षं ती एसटीनं दौंडला गेली आणि आली. स्टँडवर लोक काय काय बोलायचे. "मुसलमानाची पोर पँट घालून पळती," असं आपले म्हणायचे आणि तिचेही म्हणायचे. या एका बाबतीत गावात भलतीच एकी होती. मग ती भारताकडून खेळली, तिसऱ्याच चेंडूवर विकेट काढली, आणि त्याच तोंडांनी "आमची शायना, आमची शायना" सुरू केलं. लाज नावाची चीज आमच्याकडं पिकत नाही.

चार सामने खेळली आणि खांदा दुखायला लागला. बंगळूरच्या डॉक्टरांनी मशीनमध्ये घालून बघितलं. खांद्याच्या वाटीची कड दुखावलीय, फाटलेली नाही, म्हणाले. दीड महिना चेंडू टाकायचा नाही, सांगितलेला व्यायाम करायचा, मग शिबिराला यायचं. शिबिरात धड उभी राहिली की वर्ल्डकपच्या संघात जागा. म्हणजे तिला करायचं काय होतं? दीड महिना काही न करणं. आमच्या गावानं तिला तेवढंसुद्धा करू दिलं नाही.

बबनआप्पा चार माणसं घेऊन घरी आला. हा प्लॉटिंगवाला. झेडपीला पडला तरी त्याच्या गाडीच्या काचेवरची 'भावी सदस्य' ही पाटी अजून निघालेली नाही. स्पर्धा त्याच्याच नावाची, 'बबनराव चषक'.

"शेखलालभाई, यंदा उद्घाटनाचा चेंडू आपल्या शायनाचा. बॅटिंगला मी. फ्लेक्स छापून झालाय."

छापून झालाय, म्हणजे ते विचारायला आलेच नव्हते.

शायना आतून बाहेर आली. "आप्पा, मला टाकायला बंदी हाय. खांदा दुखावलाय."

"आगं, खांदा कशाला लागतोय? दोन बोटांनी टाक. मी काय ऑस्ट्रेलियाचा हाय का?"

माणसं हसली, चहा प्याली, गेली.

तिची आई मेहरुन भांडी आपटत म्हणाली, "न्हाई म्हणून सांगा. दौंडच्या मॅडमना फोन लावा, त्या सांगतील त्याला."

"मॅडम फोन ठेवतील आन् दौंडातच राहतील. मला उद्या जीप ह्याच स्टँडवर लावायची हाय," शेखलाल म्हणाला. "आन् ऐक. बबनरावाच्या पोरीनं न्हाई म्हटलं, तर लोक म्हणतील लाडावली. आपल्या पोरीनं न्हाई म्हटलं तर काय म्हणतील, तुला म्हाईत हाय. देशाचा टी-शर्ट घातलाय पोरीनं, तरी लोक विचारायला बसल्यात की ही नक्की कुणाच्या बाजूची."

हे वाक्य गावात कुणाला आवडणार नाही. नको आवडू दे.

"अब्बा, मी खालून टाकते," शायना म्हणाली. "हात वर नेतच न्हाई. मग तर झालं?"

ठरलं. मॅडमना फोन कुणी केला नाही.

स्पर्धेच्या दिवशी माळावर जत्रा भरली. जेसीबी उभा, बकेटमध्ये झेंडू. फुलं ज्ञानूमामाच्या शेतातली, आणि अंपायरही ज्ञानूमामाच. माईकवर हृतिक. हा लग्नातही बोलतो, दहाव्यालाही बोलतो, आवाज एकच.

"आंतरराष्ट्रीय कीर्तीची आपली लेक आन् समोर आपले लाडके आप्पा!"

शायनानं खालून चेंडू सोडला. दोन टप्पे पडून तो रांगत गेला. आप्पानं डोळे मिटून बॅट फिरवली. चेंडू बॅटच्या खालून गेला, दांडीला टेकला आणि वरची बेल पडली.

ज्ञानूमामाचा हात आडवा.

"नो-बॉल!" हृतिक ओरडला. "हा तर सराव होता, मंडळी!"

दुसरा तिनं आणखी हळू टाकला. आप्पा गरकन फिरला, टोपी पडली, चेंडू पुन्हा दांडीला. हात आडवा. नो-बॉल. लोक हसायला लागले. मागून कुणीतरी आवाज टाकला, "आप्पा, झेडपीला बी आसंच झालतं!"

सगळा माळ फुटला. आप्पाचं तोंड काळंनिळं. आता त्या ओरडणाऱ्याला तो काय करणार? समोर पोरगी होती.

"ए, मला खेळवती व्हय गं? मुद्दाम मरतुकडा टाकून माझं हसं करतीस? खरा टाक. इंडियाचा टाक!"

"आप्पा, खांदा—"

"खांदा-बिंदा सांगू नको. टीव्हीवर बरा पळतोय खांदा."

"आप्पांची फर्माईश!" हृतिक किंचाळला. "इंडियाचा चेंडू!"

पोरं 'शा-य-ना, शा-य-ना' करायला लागली. तिनं बापाकडं बघितलं. शेखलाल जीपला टेकून उभा होता. त्यानं मान वर केली नाही, नुसता हात हलवला. टाक एकदाचा, मिटव.

आणि खरं सांगायचं तर तिलाही टाकायचा होता. विशीतली पोर, देशाकडून खेळलेली, आणि समोर हा.

ती मागं गेली. पूर्ण रनअप घेतला. हातात टेनिसचा चेंडू, कापसासारखा हलका. लेदरच्या चेंडूला वजन असतं, त्याला सरावलेला हात वजनाच्या हिशोबानं फिरतो. टेनिसचा चेंडू म्हणजे मोकळा हात जीव खाऊन झटकणं. मधली दांडी उखडून मागं जाऊन पडली. आप्पाची बॅट अजून वरच होती. माळ उठून नाचला. त्या गोंगाटात तिच्या खांद्यात ऊस मोडावा तसा आवाज झाला, तो तिला एकटीलाच ऐकू आला.

ज्ञानूमामानं तिच्याकडं बघितलं. मग आप्पाकडं. हात आडवा.

"आता एक हळू टाक," आप्पा म्हणाला. "फोटोपुरता."

तिचा उजवा हात वर होईना. तेवढ्यात जेसीबीवाल्याला वाटलं झालं सगळं, त्यानं बकेट उपडी केली. झेंडूच्या ढिगात ती डाव्या हातानं उजवा हात धरून रडत उभी. तो फोटो गावभर फिरला. खाली लिहिलं होतं, 'लेकीच्या डोळ्यात आनंदाश्रू'.

आप्पाला मग गावातल्या सुरजनं चेंडू टाकला आणि त्यानं तो मारला. दुसऱ्या दिवशी चौकात फ्लेक्स: 'आंतरराष्ट्रीय गोलंदाजाला आप्पांचा षटकार'.

पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, कड पार फाटली, ऑपरेशन करावं लागेल. अनिता मॅडम दौंडहून आल्या. शेखलालला वाटलं शिव्या देतील. त्यांनी नाही दिल्या. "मला एक फोन केला असता," एवढंच म्हणाल्या आणि भिंतीकडं तोंड करून उभ्या राहिल्या. शेखलालनं दोन्ही हातांनी आपलं डोकं बडवून घेतलं. त्याला कुणी धरलं नाही.

शिबिर झालं. वर्ल्डकप झाला. तिच्या जागी गेलेल्या पोरीनं चांगली बॉलिंग केली. शायनानं टीव्हीचा आवाज बंद करून सगळे सामने बघितले. ऑपरेशननंतर दौंडच्या मैदानावर तिनं महिनोन्‌महिने प्रयत्न केला. हात कानापर्यंत जायचा, पुढं नाही. चेंडू अर्ध्यातच पडायचा. एक दिवस मॅडम म्हणाल्या, "तू लहान पोरींना शिकवायला ये." त्या म्हणण्याचा अर्थ तिला कळला. त्यानंतर ती दौंडच्या एसटीत बसली नाही.

गाव म्हणालं, नशीब. गाव म्हणालं, बापाला कळायला नको होतं का? आप्पानं 'लवकर बरी हो' असा फ्लेक्स लावला. त्याच्यावर आप्पाचा फोटो मोठा होता.

यंदा पुन्हा स्पर्धा लागली. सकाळी शायना दारात डाव्या हातानं कपडे वाळत घालत होती. ज्ञानूमामा आला. हातातल्या पिशवीत अंपायरचा पांढरा शर्ट. ओट्याच्या कडेला टेकला.

"बाय, झोप लागत न्हाई गं मला," म्हणाला. "पहिल्याच चेंडूला आप्पा आऊट व्हता. मी तवाच बोट वर केलं असतं, तर तुला पुढचे टाकावे लागले नसते."

"केलं असतं का मामा?"

त्यानं पिशवीचे बंद पिळले. पिळतच बसला.

"न्हाई," तो म्हणाला. "माझ्या वावराचा रस्ता त्याच्या प्लॉटातनं हाय."

शायनानं मान हलवली. बादलीतला शेवटचा टॉवेल झटकला. झटकताना उजवा हात चुकून पुढं आला आणि तिचं तोंड वाकडं झालं.

"परत खेळशील ना गं?"

"न्हाई," ती म्हणाली. मामासारखंच, तेवढंच.

मामा उठला आणि माळाच्या वाटेला लागला. मेहरुननं आतून विचारलं, कोण आलतं? शायना रिकामी बादली उचलून आत गेली. थोड्या वेळानं माळावरून माईकचा आवाज आला. लाडके आप्पा, उद्घाटनाचा चेंडू, टाळ्या. मग एक क्षण सगळं शांत झालं, आणि कुणीतरी खुदकन हसल्याचं माईकमधून ऐकू आलं.

"नो-बॉल!" हृतिक ओरडला.

मेहरुननं उठून खिडकी लावून घेतली.