आधी सात, मग चाळीस

हेल्सिंगोरच्या शुश्रूषागृहाचा जिना सिक्स्तेन चढत होता खरा, पण पाय मागे ओढत होते. वर त्याची बायको बोडिल वाट बघत होती.

लोक म्हातारपणी गुलाब लावतात, पत्ते कुटतात. या दोघांनी धरली होती एक दीडशे आकडी संख्या. कुठल्या दोन संख्यांच्या गुणाकाराने ती झाली ते हुडकायचं, तिचे अवयव पाडायचे, एवढाच ध्यास. जगात कुणालाच ते जमलं नव्हतं. बोडिलने छापील कागदावरून आकडे जोडी-जोडीने वाचले, सिक्स्तेनने ते संगणकात घातले आणि ते यंत्र कोठीघरात वर्षानुवर्षं घरघरत राहिलं. लेक म्हणायची, तुम्हाला वेड लागलंय. लागलंच होतं, त्यात लपवायचं काय?

गेल्या आठवड्यात संख्या फुटली. डॉक्टरांनी बोडिलची आशा सोडली होती, पण बातमी ऐकून ती लहान मुलीसारखी हसली. आता खुशाल जाते म्हणाली.

आणि आज सकाळी ओडेन्सेच्या एका जाणकार मित्राने कळवलं, अवयव बरोबर आहेत, पण भलत्याच संख्येचे. मध्ये एका जागी ४७ च्या ऐवजी ७४ पडलंय.

सिक्स्तेन मूळचा स्वीडनचा. तिकडे आधी चाळीस म्हणतात, मग सात. डेन्मार्कात आधी सात, मग चाळीस. इकडे संसार थाटल्यावर त्याने हाताला वळण लावून घेतलं होतं, आधी ऐकू येईल ते मागे लिहायचं. तरी घात झालाच. मेले कान, म्हणून तो सकाळभर स्वतःला शिव्या घालत होता. बरं, ती चुकीची संख्या तरी लेचीपेची असावी की नाही? पहिल्याच दिवशी फुटली असती, तर चूक तेव्हाच कळली असती. तीही नेमकी तितकीच चिवट.

बोडिल उशीला टेकून बसली होती, मांडीवर तोच छापील कागद. तू अवयव वाच, म्हणाली, मी नवाचा ताळा घेते.

सिक्स्तेनला घाम फुटला. मग त्याच्या ध्यानात आलं, या ताळ्यात आकड्यांची नुसती बेरीज. चार-सात काय नि सात-चार काय, बेरीज तीच. चूक सापडायचीच नाही. तो वाचू लागला. ती ओठ हलवत मिळवत राहिली, दमली की डोळे मिटून थांबायची.

"जुळलं," ती अखेर म्हणाली. मग कागद बाजूला ठेवला. "आता एक सांगते, रागावू नकोस. आपण आकडे घालत होतो ना, तेव्हा तू पार थकला होतास. मला दया आली तुझी. म्हटलं, एक जोडी तरी याच्या आईच्या रीतीने सांगावी. आधी चाळीस म्हटलं, मग सात. नंतर जीव टांगणीला लागला, की तू सवयीने उलटं तर नाही ना लिहिलंस. विचारायचं धाडसच झालं नाही रे."

सिक्स्तेनने तो छापील कागद उचलून त्याची घडी घातली.

"नाही गं," तो म्हणाला. "बरोबर लिहिलं होतं."

"सुटले बाई," म्हणत तिने त्याचा हात छातीशी घेतला आणि डोळे मिटले. त्याला मोठ्याने रडायचं होतं. पण तिला झोप लागेपर्यंत तरी हुंदका आवरायला हवा होता.